हरणासाठी ठासणीची बंदूक घेताय? आधी सीझन बघा, मग दारू, आणि बंदूक सगळ्यात शेवटी

माझ्या आजोबांकडे कुडाळला ठासणीची बंदूक होती, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस स्टेशनला जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची, एवढंच तिचं फिरणं. मी लहान असताना तिला हात लावायची परवानगी नव्हती, पण गज, केप, चिंधी, रंजक, कान हे शब्द मात्र कानावर पडलेले. पुढे पेनसिल्वेनियात लँकेस्टरजवळ राहायला आले, शेजारचे काका (अमेरिकन, सत्तरीचे, पण मनातल्या मनात मी काकाच म्हणते) एकदा नाताळनंतर मझललोडर घेऊन जंगलात चाललेले दिसले, आणि मी बघतच राहिले, अहो ही तर आपली ठासणीची बंदूक!

त्यानंतर मी स्वतः घ्यायची ठरवली आणि पहिल्या दोन वर्षांत जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या. अमेरिकेत आता बरीच आपली मंडळी हंटिंगकडे वळतायत, मला फोन येतात, सगळ्यांचा पहिला प्रश्न "कुठली घेऊ?" आणि माझं पहिलं उत्तर, "घेऊ नका अजून." म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवते. आणि हे सगळं अमेरिकेपुरतं आहे बरं का. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हरणाची शिकार हा गुन्हा आहे, हे वाचून गावी कुणी काही डोकं चालवू नका.

१) आधी राज्य, मग सीझन

मझललोडर लोक घेतात कशासाठी? जास्त दिवस मिळतात म्हणून. नेहमीच्या रायफल सीझनशिवाय बहुतेक राज्यांत मझललोडरचा वेगळा सीझन असतो, जंगलात गर्दी कमी असते. पण त्या सीझनमध्ये कुठली बंदूक चालेल हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं, आणि इथेच लोक फसतात.

आमच्या पेनसिल्वेनियाचंच घ्या. इथे दोन वेगळे सीझन आहेत. ऑक्टोबरमधला आठवडाभराचा, त्यात बिनशिंगी हरीण म्हणजे मुख्यतः माद्या, आणि त्यात इनलाइन, केपवाली (हे प्रकार पुढे तिसऱ्या भागात सांगते), स्कोप म्हणजे दुर्बीण लावलेली, कुठलीही मझललोडर चालते. दुसरा नाताळनंतरचा, २६ डिसेंबरच्या आसपास सुरू होऊन जानेवारीत जातो, त्यात फक्त फ्लिंटलॉक, म्हणजे गारगोटीची. स्कोप नाही. हा सीझन १९७४ पासून चालू आहे आणि इथल्या लोकांना त्याचा भलता अभिमान आहे. साहजिकच आहे म्हणा, ज्याला जग केंटकी रायफल म्हणतं ती अठराव्या शतकात मुळात आमच्या लँकेस्टर भागातल्या जर्मन कारागिरांनी घडवली, नाव मात्र केंटकीचं झालं.

आता कोलोरॅडोत जा. तिथे मझललोडर सीझनला स्कोप नाही, दारूच्या तयार गोळ्या म्हणजे पेलेट नाहीत, सुटीच दारू हवी, आणि प्लास्टिकच्या कपातली सॅबोवाली गोळी पण नाही. म्हणजे ओहायोतल्या मित्रानं "एकदम बेस्ट" म्हणून सांगितलेला सेट तुम्ही कोलोरॅडोत नेलात तर तो जसाच्या तसा बेकायदा.

तेव्हा तुमच्या राज्याच्या वन्यजीव खात्याचं त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक काढा, हंटिंग डायजेस्ट म्हणतात त्याला, फुकट असतं, आणि चार गोष्टी कागदावर लिहून काढा: पेटवायची पद्धत कुठली चालते, कमीत कमी कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास इंचात, किती (आमच्याकडे .४४), स्कोप चालतो का, दारू आणि गोळी कुठल्या प्रकारची. हा कागद खिशात असल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका. गेल्या वर्षीचं पुस्तक चालणार नाही, नियम बदलतात.

२) कागदपत्रं, आणि व्हिसावाल्यांसाठी जरा जास्त

सगळ्यात आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स. कंटाळा करू नका, मला वाटलं होतं औपचारिकता असेल, पण कुंपण ओलांडताना बंदूक कशी धरायची इथपासून शिकवतात. त्याचं सर्टिफिकेट मिळालं की मग लायसन्स. माझ्याकडे दरवर्षी एका फोल्डरमध्ये एवढं असतं:

- हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट
- फोटो आयडी आणि पत्त्याचा पुरावा
- त्या वर्षीचं हंटिंग लायसन्स (आमचं वर्ष १ जुलैला सुरू होतं)
- मझललोडरचं वेगळं लायसन्स, हे मूळ लायसन्समध्ये येत नाही, वरून घ्यावं लागतं, आणि निम्मे नवे लोक हेच विसरतात
- मादीसाठीचा त्या विभागाचा टॅग, म्हणजे परवाना
- ज्यांच्या जमिनीवर जाणार त्यांची परवानगी, लेखी

आता बंदूक विकत घेण्याबद्दल. १९६८ च्या केंद्रीय गन कंट्रोल कायद्यात काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायावर चालणारी आणि काडतूस घालताच न येणारी ठासणीची बंदूक ही 'अँटिक' धरली जाते, फायरआर्म नाही. म्हणून पुष्कळ राज्यांत ती सरळ पार्सलनं घरी येते. हे ऐकून आपले लोक खूष होतात आणि तिथेच थांबतात. थांबू नका. राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, न्यू जर्सीत ठासणीच्या बंदुकीलाही फायरआर्मच धरतात आणि खरेदीसाठी ओळखपत्र लागतं, तिथे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला ते काढून घ्यावं लागलं. शिवाय प्रत्येक मझललोडर अँटिक नसते. थॉम्पसन सेंटर कंपनीच्या एन्कोरसारख्या बंदुकीच्या सांगाड्याला काडतुसाची नळी पण बसते, म्हणून ती कायद्यानं फायरआर्मच. ट्रॅडिशन्स कंपनीची नायट्रोफायर, जिच्यात दारूची बंद कुपी मागून घालतात, तिचंही तसंच, आणि काही राज्यांत ती मझललोडर सीझनला चालतही नाही.

एच-१बी, एल-१, एफ-१ वगैरे व्हिसावर असाल तर हे नीट वाचा: नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना फायरआर्म आणि त्याची काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. मी एच-१बीवर होते तेव्हा साधी अँटिकमध्ये मोडणारी बंदूकच घेतली, तरी आधी लायसन्स काढलं आणि इमिग्रेशनच्या वकिलाला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवलं. ग्रीन कार्डची रांग एवढी लांब असताना दोनशे डॉलर फी वाचवण्यात काही अर्थ नाही.

३) पेटणार कशी: गारगोटी, केप की २०९

विश्वासाची बंदूक म्हणजे काय हो शेवटी? थंडीत, भुरभुर पावसात, दोन तास बसल्यावर चाप ओढला की वाजली पाहिजे. बाकी सगळं नंतर. आणि वाजणं न वाजणं हे मुख्यतः पेटवायच्या पद्धतीवर आहे.

इनलाइन: नवशिक्यांनी हीच घ्यावी, नियम परवानगी देत असतील तर. १९८५ साली टोनी नाइट या मिसूरीतल्या माणसानं एमके-८५ काढली तेव्हापासून ही लोकप्रिय झाली. आजच्या इनलाइनमध्ये शॉटगनच्या काडतुसाचा २०९ नंबरचा प्रायमर (ठिणगी देणारी छोटी टोपी) नळीच्या बरोबर मागे बसतो, ठिणगी सरळ दारूत. वरून झाकलेलं असतं, पाणी शिरत नाही. मागचं बूच, म्हणजे ब्रीच प्लग, काढता येतं त्यामुळे धुणंही सोपं.

केपवाली: बाजूला घोडा, निपल म्हणजे भोक असलेल्या छोट्या खुंटीवर तांब्याची छोटी केप. कोकणातल्यांना सांगायला नको. दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण. दिसायला फार देखणी, पण ठिणगीला वळण घेऊन जावं लागतं आणि त्या वळणात तेल किंवा ओल राहिली की 'टक्' आणि पुढे शांतता.

फ्लिंटलॉक: घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा, तो फ्रिझन नावाच्या पोलादी पट्टीवर घासतो, ठिणग्या खालच्या वाटीतल्या बारीक दारूवर, म्हणजे रंजकेवर पडतात, ती भडकते आणि नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकातून, म्हणजे कानातून, आग आत जाते. लिहायलाच एवढा वेळ लागला, प्रत्यक्षातही चाप आणि आवाज यात जाणवेल एवढी फट असते. तेवढ्यात मान हलली की गोळी गेली झाडात. ही पहिली बंदूक म्हणून घेऊ नका. मी घेतली होती, सांगतेच पुढे.

४) दारू, म्हणजे माझी फजिती

पहिल्याच वर्षी मी हौसेनं फ्लिंटलॉक घेतली. दुकानातल्या मुलानं सोबत काळ्या दारूचा पर्याय दिला, म्हणाला, सगळे हेच वापरतात, साफ करायला सोपं. मी घेतलं. २७ डिसेंबर, सकाळी साडेसात, चाळीस यार्डांवर मादी, आडवी, पान खात उभी. चाप ओढला. रंजक 'फुस्स' करून पेटली, पांढरा धूर माझ्या चष्म्यासमोर, आणि आतली दारू ढिम्म. मादीनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि चक्क परत खायला लागली. मी पुन्हा रंजक घातली, परत फुस्स. मग ती कंटाळून गेली.

झालं काय होतं, तर पर्यायी दारू पेटायला खऱ्या काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते. केपला किंवा २०९ ला ते जमतं, रंजकेच्या झुळकीला जमेलच असं नाही. काका मला म्हणाले, बंदुकीला काही झालेलं नाही, तू तिला चुकीचं जेवण दिलंस. तेव्हापासून माझा क्रम ठरला. सीझन सांगेल पद्धत, पद्धत सांगेल दारू, आणि ती दारू तुमच्या गावात मिळते का हे बघून मगच बंदूक.

थोडक्यात असं:

फ्लिंटलॉकला खरी काळी दारूच. नळीत .५० ला साधारण एफएफजी, वाटीत रंजक म्हणून बारीक एफएफएफएफजी (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक). अडचण ही की खरी काळी दारू सगळ्या दुकानांत ठेवत नाहीत, साठवणुकीचे नियम कडक आहेत. आधी फोन करून विचारा.

केपवालीला काळी दारू किंवा पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन यांसारखा पर्याय. ट्रिपल सेव्हन जोरदार असते, काळ्या दारूच्या मापापेक्षा पंधरा टक्के कमी घ्यायची असते हे डब्यावर वाचा.

इनलाइनला पेलेट सोपे, मोजायला नको, पण मला सुटी दारू आवडते कारण पाच-पाच ग्रेननं (हे दारू मोजायचं एकक) कमीजास्त करून बंदुकीला काय मानवतं ते बघता येतं. ब्लॅकहॉर्न २०९ ही पर्यायी दारू महाग आहे पण घाण फार कमी करते. मात्र ती चांगल्या गरम २०९ प्रायमरवर आणि तिच्यासाठी योग्य ब्रीच प्लग असेल तरच नीट पेटते, फ्लिंटलॉकमध्ये तर नावच नको.

आणि हे मोठ्यानं वाचा: आजच्या काडतुसात भरतात ती स्मोकलेस पावडर ठासणीच्या बंदुकीत कधीही घालायची नाही. चिमूटभरसुद्धा नाही. नळी फुटते, बोटं जातात, डोळे जातात. डबा ओळखीचा नसेल, लेबल निघालेलं असेल, कुणी "असंच आहे, घेऊन जा" म्हणालं तर घ्यायचा नाही.

दारू मापानं मोजतात, वजनानं नाही, याचाही गोंधळ होतो. ७० ग्रेन म्हणजे मापाच्या नळीवरची ७० ची खूण. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा बाहेर काढू नका. आणि कमाल किती घालायची ते बंदुकीच्या मॅन्युअलमध्ये असतं, यूट्यूबवर नाही.

५) नळी: कॅलिबर आणि पीळ

कॅलिबरवर डोकं फोडू नका, .५० घ्या. गोळ्या, चिंध्या, सॅबो सगळं .५० मध्ये सर्वात सहज मिळतं आणि हरणासाठी ते पुरून उरतं.

डोकं लावायचं ते पिळावर. नळीच्या आत जे पीळदार खाचे असतात ते किती इंचांत एक वेढा पूर्ण करतात ते नळीवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. २८ इंचात एक वेढा असेल तर ती सॅबो आणि लांबट गोळ्यांची नळी, आजच्या बहुतेक इनलाइन अशाच. ६० किंवा ६६ इंचात एक असेल तर ती चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीची. ४८ म्हणजे मधला मार्ग, दोन्ही बऱ्यापैकी चालतात, दोन्ही उत्तम नाहीत. माझ्या एका ओळखीच्यानं २८ च्या नळीत गोल गोळ्या भरभक्कम दारूवर मारून मारून अख्खा रविवार घालवला आणि शेवटी "बंदूक वाकडी आहे" म्हणून परत द्यायला निघाला होता. बंदूक सरळच होती.

६) अंगाला बसते का

हे कुणी सांगत नाही, विशेषतः दुकानातले पुरुष. माझी उंची पाच फूट दोन इंच. पहिली फ्लिंटलॉक घेतली तिचा दस्ता लांब, खांद्याला लावायला गेलं की जाड जॅकेटात अडकायचा, आणि अष्टकोनी नळीचं वजन पुढे एवढं की दहा सेकंदांत माशी थरथरायला लागायची. (माशी म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, नवीन लोकांसाठी.)

दुकानात जाताना डिसेंबरात घालणार तेच जाड जॅकेट घालून जा, ऑगस्ट असला तरी. लोक हसतात, हसू देत. बंदूक रिकामी आहे हे आधी स्वतः तपासा, मग डोळे मिटून खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. मान न वाकवता नेम समोर दिसला तर बसली. मग हातमोजे घालून चाप, घोडा, सेफ्टी चालतात का बघा. नंतर ती धरून पूर्ण एक मिनिट उभं राहा. डावखुरे असाल तर फ्लिंटलॉक डाव्या हाताचीच शोधा, नाहीतर रंजकेचा भडका थेट नाकासमोर होतो.

७) नवी की जुनी, आणि तपासायची कशी

नव्यात सुरुवातीच्या इनलाइनला मी सीव्हीए वुल्फ किंवा ट्रॅडिशन्सचा साधा मॉडेल सुचवते, अडीचशे ते साडेतीनशे डॉलरच्या आसपास. सीव्हीए म्हणजे कनेक्टिकट व्हॅली आर्म्स, नावात कनेक्टिकट आहे पण बनतात स्पेनमध्ये. त्याहून वरच्या, ऑप्टिमा, अक्युरा वगैरे, चाप आणि नळी जास्त चांगली, पण पहिल्या दोन सीझनला तो फरक तुमच्या हाताला कळायचा नाही. स्टेनलेस नळी परवडत असेल तर पन्नास-शंभर डॉलर जास्त द्या, दमट हवेत आणि आळशी लोकांना (हात वर) उपयोगी.

जुन्यात थॉम्पसन सेंटरच्या हॉकेन नावाच्या जुन्या धाटणीच्या बंदुका १९७० पासूनच्या आहेत आणि अजून छान चालतात. मधे २०२१ ला मालकांनी ही कंपनी विकायला काढली होती, नंतर पुन्हा उभी राहिली, तरी जुन्या मॉडेलचा एखादा भाग हवा असेल तर मिळतो का ते घेण्याआधी बघा. आणि जुनी सीव्हीए इनलाइन स्वस्तात दिसली तर नंबर वाचा. १९९५ आणि १९९६ मध्ये बनलेल्या इनलाइन कंपनीनं १९९७ ला परत मागवल्या होत्या, सिरीयल नंबरचे शेवटचे दोन आकडे ९५ किंवा ९६ असतील तर हात जोडून पुढे चला.

जुनी बंदूक हातात घेतली की सगळ्यात पहिलं काम: ती भरलेली आहे का? हसू नका. ठासणीच्या बंदुकीत वर्षानुवर्षं भरलेला बार तसाच असू शकतो, माळ्यावरून, आजोबांच्या कपाटातून येतात या. गज नळीत बुडापर्यंत घाला, तोंडापाशी बोटानं धरा, बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघा. टोक कानापर्यंत किंवा ब्रीच प्लगच्या तोंडापर्यंत पोचायला हवं. दोन इंच आधीच थांबत असेल तर आत काहीतरी आहे, बंदूक खाली ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

त्यानंतर:

- छोटा टॉर्च नळीत टाका. गंजाचे खड्डे दिसतात का? गजाला घट्ट चिंधी लावून आतबाहेर करा, कुठे अडकत असेल तर तिथे गंज आहे. चिंधी तपकिरी आली तर विचार करा, फाटून आली तर घेऊच नका.
- ब्रीच प्लग विकणाऱ्यालाच काढून दाखवायला सांगा. "थोडा टाइट आहे" म्हणाला म्हणजे जाम आहे.
- घोडा अर्धा ओढून ठेवा आणि चाप दाबा. पडला तर ती बंदूक खुंटीवर शोभेला ठेवायची.
- फ्लिंटलॉक असेल तर नळी रिकामी, वाटी रिकामी याची खात्री करून अंधाऱ्या कोपऱ्यात एकदा चाप ओढून ठिणग्या बघा. भरपूर, पांढऱ्या, सळसळत वाटीत पडल्या पाहिजेत. दोन-चार लाल ठिणग्या आल्या तर एकतर गारगोटी बोथट आहे किंवा फ्रिझनचं पोलाद मऊ आहे. आपली नवी गारगोटी चामड्याच्या तुकड्यासकट खिशात घेऊन जा, लावून बघा, म्हणजे कळतं कुणाचा दोष.

८) सोबत लागणारं सामान

बंदुकीच्या किमतीवर अजून शंभर-दीडशे डॉलर धरा, नाहीतर घरी आल्यावर लक्षात येतं की ठासायलाच काही नाही. दारूचं माप आणि डबी, गोळी तोंडाशी बसवायचा शॉर्ट स्टार्टर, गजाला लावायचे जॅग (चिंधी धरणारं टोक) आणि अडकलेली गोळी ओढायचा स्क्रू, चिंध्या आणि त्यांना वंगण, इनलाइनला २०९ प्रायमर, ब्रीच प्लगचा पाना आणि आट्यांना लावायची अँटी-सीझ म्हणजे जाम होऊ न देणारी ग्रीस. फ्लिंटलॉकला दोन-तीन जास्तीच्या गारगोट्या, कान साफ करायची तार, आणि पावसात लॉकवर (घोडा, फ्रिझन यांची यंत्रणा) घालायचं चामड्याचं झाकण. डोळ्यांना चष्मा आणि कानांना मफ सगळ्यांनाच. नारिंगी जॅकेट आणि टोपी, सक्ती असो नसो, मी घालतेच.

बंदुकीसोबत आलेला गज प्लास्टिकचा किंवा हलक्या लाकडाचा असेल तर एक चांगला मजबूत गज वेगळा घ्या, लाकडी गज मोडून तळहातात शिरल्याचे किस्से इथल्या प्रत्येक क्लबात आहेत.

९) रेंजवर: सीझनच्या दोन महिने आधी

ऑक्टोबरचा सीझन असेल तर ऑगस्टमध्ये रेंजवर जा, कुणी जाणकार सोबत घेऊन. बंदूक चांगली की वाईट हे इथेच कळतं, आणि आवडली नाही तर बदलायला वेळ असतो.

पहिली गोष्ट, गजावर खूण. नळी रिकामी असताना गज बुडापर्यंत घालून तोंडापाशी एक खूण करा. मग तुमचं ठरलेलं माप आणि गोळी नीट ठासून दुसरी खूण. यापुढे प्रत्येक वेळी गज दुसऱ्या खुणेपर्यंत गेला म्हणजे गोळी दारूवर टेकली. खूण वर राहिली तर गोळी मधेच अडकली आहे किंवा तुम्ही दारू दोनदा घातलीय, अशी बंदूक उडवायची नाही. गोळी आणि दारू यात पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. खूण खूप खाली गेली तर दारू घालायलाच विसरलात, हे प्रत्येकाचं एकदा होतंच, त्यासाठीच तो स्क्रू.

दारू नेहमी डबीतून मापात आणि मापातून नळीत. डबीतून सरळ नळीत कधीच नाही, आत एखादी ठिणगी धुमसत असेल तर अख्खी डबी हातात उडेल. ठासताना तोंडावर वाकायचं नाही.

चाप ओढला आणि वाजली नाही तर? तशीच निशाण्याच्या दिशेला धरून ठेवायची, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. कधीकधी उशिरा वाजते. "काय झालं बघू" म्हणून नळीत डोकावणारा माणूस मी पाहिलाय, काकांनी त्याला मागून कॉलर धरून ओढला आणि मग त्याच्याशी दिवसभर बोलले नाहीत.

माझी फ्लिंटलॉक ७० ग्रेन एफएफजी, .४९० ची गोल गोळी आणि .०१५ जाडीच्या चिंधीवर खूष आहे. तुमची वेगळं मागेल. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दोन-तीन बारांनंतर नळी ओल्या चिंधीनं पुसा, नाहीतर पुढची गोळी उतरायलाच मागत नाही.

आणि स्वतःची मर्यादा ठरवायला आठ इंची कागदी प्लेट लावा, हरणाच्या छातीतली नेमकी जागा साधारण तेवढीच असते. टेबलावर टेकवून नाही, जंगलात जसे बसाल किंवा उभे राहाल तसे, पाच गोळ्या. पाचच्या पाच प्लेटमध्ये आल्या ते अंतर तुमचं. माझं फ्लिंटलॉकनं पन्नास यार्ड आणि स्कोप लावलेल्या इनलाइननं शंभर. डब्यावर दोनशे लिहिलेलं असतं, पण डब्याला थंडी वाजत नाही.

विमानानं दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर बंदूक रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इन सामानातून जाते, पण काळी दारू, तिचे पर्याय, केपा आणि प्रायमर विमानात कुठल्याच सामानात चालत नाहीत. ते उतरल्यावर विकत घ्यायचं, म्हणजे तिथे काय मिळतं ते आधीच विचारून ठेवायचं.

१०) घरी आल्यावर लगेच धुवायची

उद्या नाही. जेवणानंतरही नाही. जळलेल्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते आणि रात्रीत नळी खायला लागते. मी मारलेलं हरीण काकांच्या गॅरेजमध्ये टांगून आधी बंदूक धुतली आणि मग सोलायला घेतलं, नवरा तोवर मालवणी मसाला भाजून सागुतीची तयारी करत बसला होता. (मांस जास्त झालं तर पेनसिल्वेनियात हंटर्स शेअरिंग द हार्वेस्टतर्फे गरजूंना देता येतं, १९९१ पासून चालू आहे.)

बादलीत गरम पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. बंदूक रिकामी आहे हे पुन्हा एकदा गजानं तपासा. इनलाइन असेल तर ब्रीच प्लग काढून पाण्यात टाका. फ्लिंटलॉकचं लॉक सोडवून वेगळं धुवा. नळीतून ओल्या चिंध्या काळ्या येत राहतात, मग करड्या, मग पांढऱ्या. कोरड्या चिंध्या, मग तेलाची एक. ब्रीच प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ लावून हातानं बसवा, आवळू नका. इनलाइनच्या पहिल्या वर्षी मी ग्रीस विसरले होते, मार्चमध्ये तो प्लग काढायला काका, एक लांब पाना आणि बऱ्याच इंग्रजी शिव्या लागल्या.

ठेवताना नळीचं तोंड खाली, म्हणजे जास्तीचं तेल लॉकमध्ये आणि दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. दारू वेगळ्या खोलीत, तिच्या मूळ डब्यात, कुलपात. दोन आठवड्यांनी एक कोरडी पांढरी चिंधी नळीतून फिरवा. तपकिरी आली तर परत बादली. आणि पुढच्या सीझनला पहिला बार भरायच्या आधी नळीतलं ते तेल कोरड्या चिंधीनं पुसून घ्या, नाहीतर दारू भिजेल आणि परत फुस्स.